दादाचा कान

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू झालं की कुणी बोलायचं नाही. हातोडी खाली, पंखा बंद, वहिनीनेसुद्धा फोन ठेवायचा, मग पलीकडे कुणी का असेना. दादा इंजिनापाशी उभा राहतो, मान जराशी कलती करतो आणि ऐकतो. कधी दोन मिनिटं, कधी दहा. मग म्हणतो, "जाऊ दे." नाहीतर म्हणतो, "उघडा." मधलं काही नाही. बाबा होते तोवर हा मान त्यांचा होता, ते गेल्यावर दादाकडे आला. त्याने "उघडा" म्हटल्यावर "कशाला?" विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि उघडल्यावर काही सापडलं नाही असंही कधी झालं नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या मोटारसायकली बांधतो, एकेका माणसाच्या मापाच्या. वर्षाला पाच, फार तर सहा. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. माझ्याकडे सीटा आणि चामड्याच्या पिशव्या. लोक मला सीटवाली म्हणतात, म्हणोत बापडे. वहिनी दारापाशी टेबल टाकून बसते, गिऱ्हाइकांशी बोलते, सामान मागवते आणि दिवसातून चार वेळा दादाला जेवायला, नाहीतर निदान बसायला बोलावते. तो बसत नाही. ताटावरून उठून एक नट आवळून येतो. त्यांच्या लग्नाच्या फोटोत सगळे कसे स्वच्छ दिसतात, नवरदेव तेवढा पुसट. वहिनी म्हणते, "हलला तो! आयुष्यात एकदा उभा राहा म्हटलं, तर तेवढंही झालं नाही."

या गाड्यांचं खानदान मोठं आहे. दादाला विचारलंत तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा, म्हणून मीच थोडक्यात सांगते. आमच्याकडे बाबांपासून चालत आलेली हकिगत अशी, की लांबच्या रस्त्यांवर गस्त घालणाऱ्या शिपायांसाठी हा घाट जमत गेला. दिवसभर गाडीवर, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. त्या बुटाचा चवडा गिअरखाली शिरायचा नाही, म्हणून गिअरला दोन टोकं: पुढचं चवड्याने दाबा, मागचं टाचेने. पाय लोंबकळून भरून येऊ नयेत म्हणून खाली रुंद पाट्या. हँडल मागे ओढलेलं, म्हणजे पाठ ताठ राहते आणि हात खुर्चीच्या हातांवर ठेवल्यासारखे राहतात. मागच्या दोन पिशव्या तर थेट घोड्यावरून उतरल्या. मला चामडं शिकवणारा म्हातारा मुळात खोगीर बनवायचा, घोडे कमी झाले तसा गाड्यांकडे वळला. "घोडा निदान अंग झाडून सांगतो तरी, बसणाऱ्याचं चुकलंय म्हणून," तो म्हणायचा. त्याच्यासमोर कुणी कशाला खोगीरभरती म्हटलं की संपलंच. त्याच्या मते भरती हाच खोगिराचा जीव होता.

मीही तशीच शिकले. माप घ्यायला टेप वापरत नाही. लाकडी घोडीवर वाळूची पिशवी ठेवते, माणसाला तिच्यावर तासभर बसवते, हँडल धरून, पाय पाटीवर. तासाने वाळू खरं बोलते. कोण एका अंगावर बसतो, कुणाची कंबर दुखते, कोण मोठेपणा मिरवायला ताठ बसलाय, सगळं कळतं.

गेल्या साली आमच्याकडे भूगोलाचे मास्तर आले. चौतीस वर्षं मुलांना नकाशावर नद्या आणि डोंगर दाखवले, स्वतः गावाबाहेर दोनदा गेले, तेही लग्नांना. निवृत्त झाले आणि ठरवलं, दोघांनी निघायचं. सहा हजार किलोमीटर, दोन महिने. सोबत त्यांची बायको होती. तिला आम्ही बाईच म्हणायला लागलो. तिला वाळूवर बसवलं तेव्हा म्हणाली, "माप घ्या, पण मोठ्याने सांगू नका."

त्यांची गाडी दादाने सात महिने बांधली. सांगाडा जुन्या गस्तीच्या गाडीचा, बाबांनी कधीकाळी दुरुस्त केलेला. पुढचे दांडे जरा जास्त तिरके, म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी आपोआप सरळ राहते, हाताला ओढ लागत नाही. टाकी हाताने ठोकलेली. पुढे मोठी काच, छातीवर वारा येऊ नये अशी. मागे बाईंसाठी पाठ टेकायची जागा आणि हात ठेवायला दोन कड्या. आणि मधे ते इंजिन, दोन मोठी सिलिंडरं, एक पुढे झुकलेलं आणि एक मागे. ते चालू झालं की जमीन धडधडते आणि माझ्या टेबलावरच्या सुया सरकतात.

इंजिन बसवून व्हायच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ. दादा माझ्याकडे पाठ करून टाकी घासत होता. मी हाक मारली, "दादा, चहा." गप्प. "दादा, चहा झालाय." गप्प. मला वाटलं रुसलाय, सकाळी आमचं पिशवीच्या बकलांवरून वाजलं होतं. "अरे शहाण्या, चहा गार होतोय!" तरी हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात माझ्या हातून लोखंडी ठोकणी निसटली आणि त्याच्या मागे फरशीवर आदळली. तो दचकला. पण वळून माझ्याकडे नाही बघितलं. खाली बघितलं, स्वतःच्या पायांकडे.

त्याला आवाज नव्हता आला, फरशीचा धक्का आला होता.

मग मी बघतच राहिले. समोरून बोललं की त्याला सगळं कळायचं, आमचे जाडेभरडे आवाज त्याला पोचायचे. पण कॉम्प्रेसरमधून हवा गळत होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बारीक शिट्टी वाजत राहिली आणि त्याने मान वळवली नाही. वहिनीची किटली शेजारी किंचाळत होती आणि हा निवांत पेपर वाचत होता. बारीक आवाज गेला होता. सगळ्या कामाचा जीव त्यातच. इंजिनाचं मोठं धडधडणं कुणालाही ऐकू येतं हो, त्याच्या आतलं जे बारीक असतं ते ऐकण्यासाठी दादाला लोक मानतात.

कुणाला सांगणार? वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत निम्म्या गिऱ्हाइकांना कळलं असतं. आणि ज्याच्या कानावर कारखाना चालतो त्याचा कान गेला म्हटल्यावर इंजिन आणून देणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, गप्प बसा. मुख्य म्हणजे दादाला कळता कामा नये की मला कळलंय. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. त्याच्या समोर आले की मी चेहरा सांभाळायला लागले. मी! जिला जन्मात तोंड आवरता आलं नाही.

मंगळवारी इंजिन पहिल्यांदा चालू झालं. पंखा बंद, वहिनीचा फोन खाली. मी शिवणयंत्रापाशी, बाईंच्या सीटची शेवटची शिवण हातात. दादा मान कलती करून उभा. आवाज काय सुंदर, भरदार. पाच मिनिटं झाली, इंजिन तापलं, आणि त्या भरदार आवाजाच्या मागून मला एक बारीक टिक आलं. मग पुन्हा. कपाच्या कडेवर नख मारावं तसं. मागच्या सिलिंडरातून.

मी सुईवर नजर ठेवली, कपाळावर आठी येऊ दिली नाही, दगडासारखी बसून राहिले. दादाने इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. म्हणाला, "जाऊ दे." वहिनीने टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी मास्तर गाडी न्यायला येणार होते. मधे तीन दिवस. ते मी कसे काढले माझं मला ठाऊक. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते सुचेना. बोटाला चार वेळा सुई टोचली. बुधवारी मनाशी म्हटलं, मला भास झाला असेल, मी सीटवाली, मला काय कळतं इंजिनातलं. गुरुवारी दादा थोडा वेळ बाहेर गेला तेव्हा मी गाडी चालू केली आणि ऐकलं. टिक. भास कसला डोंबलाचा! ती टिक कसली ते मला सांगता येत नव्हतं, पण आत काहीतरी कशालातरी घासत होतं. असलं इंजिन भर वेगात अडकलं की मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. आणि वर दोन माणसं, त्यातलं एक मागे कड्या धरून बसलेलं.

सांगावं तर दादाचा धंदा आणि अब्रू जाणार, न सांगावं तर त्या दोघांचे जीव. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादावर राग येत होता, माझ्यावर येत होता, मास्तरांवरसुद्धा. काय नडलं होतं, घरी बसून नकाशा बघायला काय झालं होतं?

शुक्रवारी दुपारी वहिनी सामान आणायला गेली. मी पातं घेतलं आणि बाईंच्या सीटची शिवण उसवायला लागले. पक्की, मेण लावलेल्या दोऱ्याची, माझ्या हातची चांगली शिवण. म्हटलं शिवण फसली म्हणून सांगू, दोन दिवस तरी मिळतील. चाळीसेक टाके उसवले असतील, तर समोर दादा उभा.

"काय करतेस?"

"शिवण वाकडी गेलीय."

"काही वाकडी नाही." त्याने सीट हातात घेतली, अंगठा फिरवला. "तू चांगली शिवण कधी उसवत नाहीस. काय झालंय?"

"काही नाही."

"सांगतेस की नाही?"

आणि माझं तोंड सुटलं. "तुझं इंजिन वाजतंय, दादा! मागचं सिलिंडर! मंगळवारपासून वाजतंय, आणि तुला ऐकू येत नाही! तुला बारीक काहीही ऐकू येत नाही, आणि मला ते ठाऊक आहे, आणि मी पंधरा दिवस झुरून झुरून मेलेय!"

दादा खाली बसला. उलट्या पिंपावर, हात गुडघ्यांवर ठेवून. दिवसाढवळ्या, काम पडलेलं असताना तो बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"ऐकू येत नाही ते. दोन वर्षं होतील. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग पाखरं गेली. मग टॅपेट, झडपांची ती बारीक टकटक."

"दोन वर्षं? अरे, दोन वर्षांत अकरा गाड्या गेल्या इथून! तीन तू उघडायला लावल्यास, आणि तिन्हींत खोट निघाली! कशी काढलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी बाबांची हत्यारं हरवली की बघायचा तसं.

"तुझ्याकडे बघून."

मला कळेना.

"अगं, तू तिथे शिवत बसतेस ना. इंजिनात काही चुकीचं वाजलं की तुझ्या कपाळाला आठी पडते. तुला पत्ताही नसतो. तू आपली टाके घालत असतेस. बाबा ऐकायचे तेव्हा त्यांच्याही तशीच पडायची. मी मान कलती करतो ती लोकांसाठी. बघत असतो तुला. मंगळवारी बघितलं तर तू एकदम शांत. कपाळ कसं स्वच्छ. मला वाटलं, असं इंजिन मी जन्मात बांधलं नाही."

मी त्याच्यासाठी चेहरा आवरला होता, आणि तो बिचारा त्याच चेहऱ्यावर विसंबून होता. मी त्याला हे सांगितलं. सांगताना रडले, आणि चिडलेही. "मला विश्वासात घ्यायला काय धाड भरली होती? दोन वर्षं माझ्या तोंडाकडे बघून इंजिनं पास करतोस!"

"तुला सांगितलं असतं तर तू तोंड सांभाळायला लागली असतीस," तो म्हणाला.

मी म्हटलं, शिवणीचंच सांगू या, गुपचूप इंजिन उघडू, कुणाला कळायचं नाही. तो पिंपावरून उठला, हात पुसले. "नाही. सहा हजार किलोमीटर ती दोघं माझ्या शब्दावर जाणार. शब्द माझा नाहीच हे त्यांना कळायला हवं."

संध्याकाळी त्याने वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी जेवायला हाका मारत होते ते...?" दादा म्हणाला, "ते ऐकू यायचं." तेव्हा कुठे ती हसली, आणि मग रडली.

शनिवारी मास्तर आणि बाई आली. जाकिटं घातलेली, गळ्यात नकाशाची पिशवी, शेजारी निरोप द्यायला फाटकापर्यंत आलेले. दादाने सगळ्यांसमोर सांगितलं. इंजिनात खोट आहे, गाडी आज जाणार नाही. आणि मला ऐकू येत नाही, म्हणून ती मला सापडली नाही.

मास्तर लालबुंद झाले. वाटेतल्या सगळ्या मुक्कामांना पत्रं गेली होती. "बहिरा माणूस इंजिनं पारखतो? आम्ही तुमच्या भरवशावर सात महिने थांबलो! मी गाडी दुसरीकडे तपासून घेतो!" बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून दादा मान खाली घालून ऐकत राहिला. आम्ही सगळेच. शेजाऱ्यांपैकी कुणी निघून गेलं नाही, असल्या वेळी कोण जातंय.

बाई मात्र माझ्या शिवणयंत्रापाशी आल्या. "इथे बसून ऐकलंत तुम्ही?"

"हो."

"शिवता शिवता?"

"हो."

त्यांनी जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "उघडा हो इंजिन," त्या दादाला म्हणाल्या. "मला बघायचंय." मास्तर पुटपुटत राहिले, पण बसले.

मागचं सिलिंडर वर उचललं तेव्हा आतल्या भिंतीवर एक उभा ओरखडा होता, बोटभर लांब. पिस्टनमधून एक आडवी पिन जाते. ती बाजूला सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेची एकेक कडी खाचेत बसवतात. डावी कडी खाचेत पुरती बसलीच नव्हती. पिन सरकली होती आणि सिलिंडर खरवडत होती. कडी बसली की टक् असा आवाज येतो. बाबांनी आम्हाला शिकवलं होतं, टक् ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. दादाच्या अंगठ्याला वाटलं बसली, आणि टक् काही त्याला येणार नव्हतं.

तो ती कडी तळहातावर घेऊन किती वेळ उभा होता. मास्तरही उठून आले, चष्मा वर करून त्यांनी ओरखडा बघितला आणि आपलंही जाकीट काढून बाईंच्या जाकिटावर टाकलं.

गोष्ट पसरायची ती पसरलीच. आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आपली कामं परत घेऊन गेली. एकाने निदान तोंडावर सांगितलं, दुसऱ्याने वहिनीला फोन करून. दादा त्या दिवसांत घरभर फिरायचा, कारखान्यातून अंगणात, अंगणातून कारखान्यात. ओरखड्याचं सिलिंडर घासून नीट करून आणलं, नवा पिस्टन आला. कडी बसवताना त्याने मला बोलावलं. "मी दाबतो, तू ऐक." त्याने दाबली. "नाही," मी म्हटलं. पुन्हा दाबली. टक्. "बसली." त्याने तरी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती खाचेत गोल फिरवून बघितली, मग हात काढला.

दहाव्या दिवशी मास्तर आणि बाई पुन्हा आली. शेजारी या वेळी आले नव्हते. पंखा बंद केला, इंजिन चालू केलं. दादा मान कलती करून उभा राहिला नाही. सरळ माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि मास्तर, बाई, वहिनी, सगळेच माझ्याकडे बघायला लागले. इंजिन तापेपर्यंत थांबले, तापल्यावर आणखी पाच मिनिटं थांबले. शेवटी मी मोठ्याने म्हटलं, "जाऊ दे."

मास्तरांनी दादाचा हात धरला. बाई मागे बसल्या, पाठ टेकली, कड्यांवर हात ठेवले. गाडी फाटकातून बाहेर पडली.

आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो. दादा म्हणाला, "जाड आवाज पोचला मला. पायातून. त्याच्या आत कसा होता गं?"

मी म्हटलं, "चांगला होता."

"चांगला म्हणजे कसा? नीट सांग."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगायला लागले. पुढचं सिलिंडर बोलतं, मग मागचं त्याच्या पाठोपाठ, मधे जराशी जागा सोडून. टॅपेट एका लयीत, तेल दिलेल्या माझ्या यंत्रासारखे. कुठे अडखळणं नाही, घासणं नाही. गिअर पडताना एक छोटा ठोका. तो डोळे मिटून ऐकत होता. गाडी वळणापलीकडे गेली.

"अजून येतोय आवाज?" त्याने विचारलं.

"येतोय."

तो थांबला. मीही थांबले.

"आता?"

"आता नाही, दादा," मी म्हटलं, आणि आम्ही आत गेलो.